कर्ज फेडायचंय ना, मग वाचवलेला पैसा खिशात ठेवूच नका

चहा कमी करा, हॉटेल बंद करा, पंखा बंद करून बाहेर पडा, हे सगळं सगळ्यांना पाठ आहे आणि बरेच जण खरंच करतात पण, तरी वर्ष संपलं की कर्ज जिथल्या तिथे आणि घरात एकच प्रश्न, पैसा कथा गया, म्हणजे गेला कुठे? कुठे जाणार, सकाळी चहाचे वाचवलेले 40 रुपये दिवसभर खिशातच राहिले आणि संध्याकाळी शेवभाजीच्या पार्सलमध्ये गेले. म्हणून खाली काटकसरीच्या सवयी सांगतोच आहे पण त्यातली मेन सवय एकच, जे वाचलं ते त्याच दिवशी, फार तर त्याच आठवड्यात, कर्जाकडे रवाना करायचं.

त्याआधी एक वही घ्या आणि सगळी देणी लिहून काढा. सगळी म्हणजे सगळी, बँक, विकास सोसायटी, पतसंस्था, बचत गट, कृषी केंद्राची उधारी, किराणावाल्याचं खातं, मोबाईलचा हप्ता, शालकाकडून घेतलेले हातउसने. बायकोला माहीत नसलेलं एखादं असेल तर तेही लिहा, नाहीतर वहीला अर्थ नाही. प्रत्येकासमोर व्याज वर्षाच्या हिशोबाने लिहायचं, कारण महाग पैसा देणारा नेहमी महिन्याचा भाव सांगतो. शेकडा 3 रुपये ऐकायला किती बारीक वाटतं पण ते वर्षाला 36 टक्के झाले, शेकडा 5 म्हणजे 60 टक्के. क्रेडिट कार्डवाले पण तसेच, महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42. आणि त्याच घरात बँकेच्या सोनेतारणाला 10 टक्क्यांच्या आसपास व्याज चाललेलं असतं, आणि आपण टेन्शन कोणाचं घेतो तर सोनं अडकलंय त्याचं.

कार्डाचा हिशोब एकदा नीट बघाच. समजा 50,000 थकलेत आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. व्याज झालं 1,750, त्यावर 18 टक्के जीएसटी 315, म्हणजे 2,065 रुपये नुसते हवेत. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम, 5 टक्क्यांनी 2,500 भरले तर मुद्दल किती कमी झालं, 435 रुपये. आणि मागचं थकलेलं असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. त्यामुळे कार्ड थकलं असेल तर ते कपाटात टाका, पेट्रोलला पण काढू नका, पॉईंट वगैरे विसरा.

आता आधी कोणाचं फेडायचं? काही जण म्हणतात सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा म्हणजे हुरूप येतो, माझं मत विचाराल तर ज्याचं व्याज जास्त तो आधी, बाकी सगळ्यांना फक्त ठरलेला हप्ता. अपवाद एक, शालकाचे हातउसने. त्याला व्याज नाही पण प्रत्येक लग्नात चार लोकांसमोर विषय निघतो, ते व्याज वहीत बसत नाही, तर ते थोडे थोडे का होईना देत राहा.

सावकाराचं असेल तर एवढं माहीत असू द्या की महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे लायसन्स लागतं आणि व्याजाला मर्यादा आहे, शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12, बाकीच्यांना 15 आणि 18. शेकडा 5 घेणारा या कशातच बसत नाही. तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक, सहकारी संस्था, तिथे तक्रार करता येते. करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, गावातलं राजकारण मला माहिती आहे, पण निदान बोलणी करताना आवाज तरी निघेल.

सोन्याबद्दल थोडं कडू बोलतो. जळगावचं सोनं म्हणजे आपला जीव की प्राण, घराघरात थोडंफार असतंच, पण डब्यात पोत पडलेली आणि बाहेर 42 किंवा 60 टक्क्यांचं देणं, हा हिशोब जमत नाही भाऊ. बँकेत तारण ठेवा, त्या पैशाने महागडं देणं एका झटक्यात मिटवा आणि मग जो हप्ता तिकडे जात होता तोच सोनं सोडवायला लावा. यात लोक फसतात कुठे, तर सोनेतारणाचं वर्षभर फक्त व्याज भरून रिन्यू करत राहतात, मुद्दलाला हात लावत नाहीत. तसं करायचं असेल तर ठेवूच नका.

पीककर्जाचं उलटं आहे. सोसायटीचं किंवा बँकेचं 3 लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून ते जवळजवळ बिनव्याजी पडतं. आणि आपण काय करतो, कर्जमाफी येईल म्हणून तेच थकवतो आणि कृषी केंद्राची उधारी वाढवतो. 2017 ला आली, 2019 ला आली, हे खरंय, पण थकबाकीदार झालं की सवलत जाते, नवीन कर्ज मिळत नाही आणि मग बियाण्यासाठी दारोदार, तिथे व्याज भावातच लावलेलं असतं. दुकानदाराला सरळ विचारा की रोखीने काय भाव आणि उधारीने काय भाव, एका गोणीमागचा फरक बघा आणि तो वहीत लिहा.

आता स्वयंपाकघर. खान्देशात वर्षाचं भरायची पद्धत आहे ती सोडू नका, उन्हाळ्यात गहू, दादर ज्वारी, तूरडाळ, नंदुरबार नाहीतर दोंडाईच्याची मिरची, हे दर महिन्याला पाच-पाच किलो पाकिटातलं घेण्यापेक्षा स्वस्तच पडतं आणि महिन्याच्या किराण्याची यादी अर्धी होते. पण एक अट, हे कार्डावर किंवा व्याजाने पैसे काढून भरायचं नाही, किलोमागे वाचले चार रुपये आणि व्याज गेलं सहा रुपये असं होतं. पैसे नसतील तर यंदा निम्मं भरा. पापड, बिबड्या, कुरडया, शेवया चार घरच्या बायका मिळून करतात ते चालू ठेवा, विकतचा भाव बघा म्हणजे कळेल. तेलाचा 15 किलोचा डबा घेता तेव्हा मात्र एक गंमत होते, डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो, म्हणून महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि डब्याला झाकण. महिन्यातून चार-पाच रात्री कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा, तक्रार कोणी करणार नाही. आणि हो, थंडीतली भरीत पार्टी बंद करू नका कृपा करून, शेतात काड्यांवर वांगी भाजून दहा जण जेवले तरी कितीसा खर्च येतो, बंद करायचं असेल तर ते हॉटेलात जाऊन भरीत-पुरी खाणं बंद करा.

चहाचा हिशोब सगळेच सांगतात म्हणून पटकन सांगतो, टपरीवर दिवसाला चार चहा 10 रुपयाने म्हणजे महिन्याला 1,200. पूर्ण सोडायची गरज नाही, दोन ठेवा, त्या टपरीवर कामं पण होतात. तंबाखू-गुटख्याची पुडी मात्र सोडा, तिचा पैसा पण जातो आणि पुढे दवाखान्याचा पण.

लाईट बिल. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो, तिथे कूलर बंद ठेवा असं सांगणारा माणूस बाहेरचा समजा. बचत पंख्यात आहे. जुना पंखा साधारण 75 वॅटचा, दिवसाला 15 तास चालला तर महिन्याला जवळपास 34 युनिट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास, तोच वापर 13-14 युनिटमध्ये. म्हणजे एका पंख्यामागे 20 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या वर दर एकदम चढतो, त्यामुळे हे वाचलेले युनिट महागातले असतात. पण सगळे पंखे एकदम बदलू नका आणि हप्त्यावर तर नाहीच, जो रात्रंदिवस फिरतो तो एकच आधी. बिल लवकर भरलं तर 1 टक्का सूट असते आणि कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर 10 रुपये. दहा रुपयाला हसू नका, वर्षाचे 120 होतात आणि काहीच करावं लागत नाही.

गाडीचं पेट्रोल हा मोठा विषय आहे आणि लोक तो बघतच नाहीत. रोज जळगाव-भुसावळ करणाऱ्याला रेल्वेचा मासिक पास बाईकच्या पेट्रोलपुढे काहीच नाही. एसटीचा मासिक पास 20 दिवसांचं भाडं घेऊन 30 दिवस चालतो, महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे, 75 च्या वरच्या म्हाताऱ्यांना फुकट. तरी आईला मामाच्या गावाला पारोळ्याला सोडायला आपण फोर व्हीलर काढतो, का तर चांगलं दिसतं.

आणि चांगलं दिसतं यावरूनच लग्नसराई. खरं सांगायचं तर चहा आणि पंख्यात वर्षभर वाचवलेलं एका लग्नाच्या बस्त्यात जातं. दूरच्या प्रत्येक लग्नाला घरचे पाच जण, प्रत्येकाला नवीन कपडे, आहेर, जाण्यायेण्याची गाडी. एक जण जा, हळदीला नाही तर लग्नाला जा, आणि घरात आधीच जाहीर करा की यंदा आम्ही आहेर देत पण नाही आणि घेत पण नाही. घेत नाही हे म्हटलं की लोक गप्प बसतात, नुसतं देत नाही म्हटलं तर नाव ठेवतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकीबाळी येतात, पुरणपोळी, सांजोऱ्या, आमरस झालाच पाहिजे, साडी पुढच्या वर्षी. स्वतःच्या घरचं लग्न कर्ज काढून करायचं ठरत असेल तर मग ही वही वगैरे राहू द्या, आधी ते बोला.

आता वाचलेला पैसा पोचवायचा कसा. कार्डाला कधीही कितीही भरता येतात, त्यामुळे रात्री मोबाईलवरून 60 असो 140 असो, टाकून मोकळे व्हा. टर्म लोनला, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या हप्त्यांच्या कर्जाला, तसं चालत नाही, जादा भरलेले पैसे काही ठिकाणी नुसते पुढच्या हप्त्याचे म्हणून पडून राहतात आणि व्याज चालूच. म्हणून शाखेत जाऊन विचारा की पार्ट पेमेंट कमीत कमी किती आणि दंड किती, आणि भरताना लेखी द्या की ही रक्कम मुद्दलात जमा करा. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याज कमीजास्त होणाऱ्या, होम लोनला आधी भरल्याबद्दल दंड लावता येत नाही. तोपर्यंत पैसे दुसऱ्या एखाद्या खात्यात ठेवा ज्याचं एटीएम कार्ड नाही आणि यूपीआय जोडलेलं नाही. दुकानदारांकडे रोजची ठेव गोळा करणारा पिग्मीवाला येतो, ती सवय फार चांगली, पण पिग्मीला तीन-चार टक्के घ्यायचे आणि त्याच पतसंस्थेच्या कर्जाला 15 भरायचे हा उद्योग कशाला, एजंटला म्हणा रोजचे 200 कर्ज खात्याला लाव. शिवाय बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, आणि जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला पतसंस्थेत ठेव अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको.

सगळंच्या सगळं मात्र कर्जात ओतू नका. 5,000 ते 10,000 बाजूला असू द्या, नाहीतर पोराला ताप आला की परत शेकडा 5. मोठ्या दुखण्याला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, यादीतल्या दवाखान्यात वर्षाला कुटुंबामागे 5 लाखापर्यंत, रेशनकार्ड आणि आधार आत्ताच नावं जुळवून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात घ्या, महिन्याला मोठा फरक पडतो.

कापूसवाल्यांसाठी वेगळं. तुमची बचत रोजची नाही, ती दोन-तीन वेळा एकदम हातात येते. खेडा खरेदीवाल्याला दारात कापूस मोजून दिला की रोख मिळते आणि रोख घरात राहत नाही, भाव आणि वजन दोन्हीत कमी बसतं ते वेगळंच. पैसे खात्यावर घ्या आणि गाडी खाली झाली त्याच दिवशी वहीतल्या पहिल्या नावाला रक्कम पाठवा, घरी येऊन विचार करू म्हटलं की टीव्ही येतो.

वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर बँकेच्या किंवा फायनान्सच्या एजंटला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कॉल रेकॉर्ड करा आणि आधी त्यांच्याकडेच लेखी तक्रार द्या. एक कर्ज फेडायला मोबाईल ॲपवरून दुसरं काढू नका, पाच मिनिटात मिळतं तेच त्याचं वाईट.

एखादं कर्ज पूर्ण फिटलं की पेढे नंतर वाटा, आधी कागद घ्या. नो ड्यूज सर्टिफिकेट, दिलेले कोरे चेक, सही केलेला स्टँप. गाडी असेल तर आरसीवरचा बोजा आरटीओतून काढा, शेती असेल तर बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरवा आणि नवीन उतारा काढून डोळ्याने बघा. घराचे मूळ कागद बँकेने पूर्ण फेड झाल्यापासून 30 दिवसात परत द्यायचे असतात, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, हे पण रिझर्व्ह बँकेचंच. आणि त्या कर्जाचा जो हप्ता जात होता तो दुसऱ्या महिन्यापासून तसाच्या तसा वहीतल्या पुढच्या नावाला लावा, घरात कोणाला कळायच्या आत.