नाइटला उघडं राहिलेलं माझं लॉगिन

कागदी केसपेपर होते तेव्हा अक्षरावरून माणूस ओळखू यायचा. खाडाखोड कोणाची, घाईतली सही कोणाची, इन्चार्ज सिस्टर लांबूनच सांगायच्या. संगणकावर सगळ्यांचं अक्षर सारखं. तिथे आपली ओळख म्हणजे आपलं लॉगिन, बस. हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ज्या प्रकारे कळलं, तशी वेळ तुमच्यावर येऊ नये.

फिमेल मेडिकल वॉर्ड, 32 खाटा, नाइटला आम्ही दोघी आणि संगणक एक. पहाटे पावणेसहाला 14 नंबरच्या आजींना धाप लागली. मी शुगरच्या नोंदी भरत होते, तशीच उठून ऑक्सिजन लावायला धावले. स्क्रीन उघडीच राहिली. जोडीदार सिस्टरने त्याच स्क्रीनवर 9 नंबरचं सहाचं इन्सुलिन ‘दिलं’ अशी खूण केली. लगेच देणारच होती ती, पण तेवढ्यात तिलाही आजींकडे यावं लागलं आणि इन्सुलिन राहूनच गेलं. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्ण सोपवताना, मी स्क्रीन बघून ‘दिलंय’ म्हटलं. दुपारी त्या बाईंची शुगर 400 च्या वर.

मेमो माझ्या नावाने आला. जोडीदारीण प्रामाणिक, तिने लगेच कबूल केलं. तरी लेखी खुलासा मलाच द्यावा लागला.

हे नीट समजून घ्या. सिस्टीम प्रत्येक नोंदीबरोबर लॉगिन कोणतं, वेळ कोणती आणि संगणक कोणता हे साठवते. त्यालाच ऑडिट लॉग म्हणतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 2016 च्या ईएचआर, म्हणजे रुग्णांच्या संगणकीय नोंदींच्या, मानकांतही तो आहे. क्लिक करणारं बोट कोणाचं होतं, हे त्यात नसतं. चुकीची एंट्री नंतर बदललीत तर बदलल्याचीही नोंद राहते. म्हणून गुपचूप दुरुस्ती कधीही करू नका. उशिराची नोंद म्हणून खरी वेळ घालून लिहा, आणि इन्चार्जना आपण होऊन सांगा. आणि औषध पोटात किंवा शिरेत जाण्याआधी ‘दिलं’ ही खूण नाहीच. ‘आधी टिक करून टाक, मग सावकाश दे’ असं शिकवणारी सीनियर कितीही प्रेमळ असली तरी तिच्याकडून ही गोष्ट शिकू नका.

चौकशीत आणखी एक निघालं. त्याच पहाटे माझ्या लॉगिनवरून दुसऱ्या वॉर्डातल्या एका रुग्णाचा एचआयव्हीचा रिपोर्ट उघडला गेला होता. मी तर आजींपाशी होते. कोणी बघितला, का बघितला, आजवर कळलेलं नाही. 9 नंबरच्या बाईंची शुगर दोन दिवसांत आटोक्यात आली. हे मात्र भरून येण्यासारखं नव्हतं. त्या माणसाने आपल्यावर विश्वास टाकून रक्त दिलं होतं. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 चा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. संमतीशिवाय ही माहिती उघड करायला त्यात मनाई आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आता आहे. पण मला झोप लागत नव्हती ती कायद्यामुळे नाही.

‘वॉर्डचा पासवर्ड’ म्हणून कीबोर्डखाली चिकटवलेली चिठ्ठी दिसली तर ती वापरू नका. प्रोबेशनवर असताना नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. ‘सिस्टर, डोस तुम्ही तपासा, एंट्री मी माझ्या नावाने करते,’ एवढं म्हटलं तरी पुरतं. लॉगिन मिळायला उशीर होत असेल तर मेट्रनना लेखी अर्ज द्या, तोवर कागदावर लिहून सही करा. कागदाची सवय तशीही हवीच. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कितीतरी दिवस काम हातानेच चाललं.

ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर नाव-नंबर झाकून. यावर जास्त बोलायची गरज नसावी.

संगणकाची भीती मात्र बाळगू नका. इन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे रुग्णसेवेच्या संगणकीय नोंदींच्या कामात, यायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात तर दुसऱ्याच सत्रात हा विषय आहे; आमच्या वेळी नव्हता. ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या मागे धावण्यापेक्षा दोन वर्षं वॉर्ड करा. सिस्टीम कुठे अडते हे नाइट केलेल्या सिस्टरइतकं कोणाला कळत नाही.

आता नवीन सिस्टर-ब्रदरना सिस्टीम मीच शिकवते. सगळे नोंदी भरत असताना मध्येच ओरडते, ‘14 नंबरला धाप लागली!’ रुग्ण आधी, यात वाद नाही. पण लॉगआउटला एक क्लिक लागतो, आणि तोही जमला नाही तर जोडीदाराला ‘माझं बंद कर’ म्हणून पळता येतं. पहिल्या दिवशी सगळे तसेच उठतात. चौथ्या दिवशी उठता उठता हात आपोआप माऊसकडे जातो.