हायडेलबर्गमधलं पहिलं सत्र कसं निभवावं

जर्मनीतलं हायडेलबर्ग विद्यापीठ १३८६ सालचं. गाव त्याहून जुनं आणि दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ अख्खं वाचलेलं. नेकार नदीचं खोरं इथे अरुंद आहे. त्यामुळे जागा कमी आणि भाडी चढी, जुन्या घरांना ओल, आणि मुख्य रस्त्यावर वर्षभर पर्यटक. नव्या विद्यार्थ्याची पहिल्या सत्रात दमछाक होते ती बहुधा अभ्यासाने नाही, कामांचा क्रम चुकल्याने. म्हणून आधी कागद.

कागद कोणत्या क्रमाने

पहिलं काम आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या नागरिक-कार्यालयात, ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचं ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ हे प्रमाणपत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही, आणि बरेच जण तिथूनच परत फिरतात. ऑक्टोबरमध्ये सगळं गाव एकदमच नोंदणीला येतं, तेव्हा घर नक्की झालं की लगेच वेळ घेऊन ठेवा.

त्याच दिवशी पत्रपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं, आणि इथे कर-क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड सगळं टपालानेच येतं. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या दिवशी येतात. एक परत गेलं तर दुसरं निरुपयोगी. कोणाच्या घरात उपभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली तुमचंही नाव हवं.

आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण आहे. अनेकांच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. विद्यापीठाच्या अर्जात वडिलांचं नाव गाळलं आणि विम्याच्या अर्जात ठेवलं, की दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा.

आरोग्यविमा प्रवेशाआधी लागतो. सार्वजनिक विमा कंपनीचा विद्यार्थी दर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत मिळतो. प्रवेशासाठी विम्याचं कार्ड अपलोड करून भागत नाही. कंपनीने विद्यापीठाला थेट इलेक्ट्रॉनिक सूचना पाठवावी लागते. कंपनीला तसं स्पष्ट सांगा.

व्हिसासाठी गोठवलेल्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात. ते सुटायला चालू खातं हवं, आणि बऱ्याच बँका खात्यासाठी पत्त्याची नोंद मागतात. म्हणजे पहिले तीन-चार आठवडे या पैशांना हात लागणार नाही असंच धरून चाला. त्याच काळात अनामत द्यावी लागते. ती कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमीटे’इतकी, म्हणजे हीटिंग-पाणी वगळून जे भाडं असतं त्याच्या तिप्पट. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. घरमालक आपणहून सांगत नाहीत, तुम्ही विचारा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो शुल्कही आहे. पीएचडीवाल्यांना ते लागत नाही.

राहण्याच्या परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत जाऊ द्या. अर्ज वेळेत असेल तर निर्णय येईपर्यंत तुमचं राहणं वैध ठरतं आणि तसं ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ हे प्रमाणपत्र मिळतं. एक दिवस उशीर झाला तरी प्रकरण किचकट होतं.

कुठे राहावं

आधी आपला विभाग कुठे आहे ते बघा. मानव्यविद्या बहुतांशी आल्टश्टाट या जुन्या गावात, विज्ञान आणि वैद्यक नदीपलीकडे नॉयनहायमर फेल्डमध्ये, तर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र बेर्गहाइममध्ये. १९६२ साली स्थापन झालेली दक्षिण आशिया संस्थाही आता बेर्गहाइममध्येच आहे. खंडोबा आणि धनगरांच्या देवतांवर आयुष्यभर काम केलेले ग्युंटर सोंथायमर याच संस्थेत शिकवत, त्यामुळे मराठीवर काम करणाऱ्यांना हे गाव अगदीच परकं नाही.

आल्टश्टाटमधली खोली चित्रासारखी दिसते, पण उंटेरे श्ट्रासे या गल्लीजवळ असेल तर शुक्रवारी-शनिवारी रात्री झोप विसरा. तिथे दारूचे अड्डे एकाला लागून एक आहेत. रोरबाख, किर्शहाइम, वीब्लिंगन इथून ट्रामने किंवा बसने येणं सोपं आहे. मानहाइममध्येही राहता येतं. एस-बान ही लोकल गाडी वीसेक मिनिटांत पोचवते. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं सांगणारा घरमालक फसवा असतो, अपवाद नाही. खोली आपण किंवा ओळखीच्या कोणीतरी पाहिल्याशिवाय एक सेंटही पाठवू नका.

खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे डाग, फुटकी फरशी, खिडकीची मूठ यांचे फोटो काढा आणि ताबा-पत्रकात लिहून घ्या. सोडताना अनामतीतून पैसे कापतात ते याच गोष्टींवरून.

ओल, हीटर आणि फोडणी

जुन्या जाड भिंती थंड असतात. खोलीतली दमट हवा त्यांच्यावर आपटली की पाणी सुटतं आणि दोन महिन्यांत कोपऱ्यात काळी बुरशी धरते. उपाय एकच. दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, आणि तेवढ्या वेळात हीटर बंद ठेवा. खिडकी दिवसभर वरून किलकिली ठेवणं हा सगळ्यात वाईट मार्ग: हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते आणि बिल चढतं. हीटरच्या चकतीवरचा ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. कपडे खोलीत वाळवायचे असतील तर कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा.

धूरसूचक यंत्र या राज्यात झोपण्याच्या खोलीत सक्तीचं आहे. मिरचीच्या फोडणीने ते हमखास ओरडतं, म्हणून तेल तापवण्याआधी खोलीचं दार लावा आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडा. यंत्रावर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती वसतिगृहात जुनीच आहे. करू नका. पकडलात तर दंड, आणि खरी आग लागली तर विचारायलाच नको.

शेगड्या बहुधा काचेच्या असतात. बुडाशी वाकलेला लोखंडी तवा त्यांवर तापत नाही आणि घासला की चरे पडतात. सपाट बुडाचाच तवा आणि कुकर घ्या. शेजाऱ्यांना शिट्टी म्हणजे काय ते एकदा सांगून ठेवलेलं बरं.

पोळीसाठी पिठाच्या पुडीवरचा आकडा वाचा. तो १०० ग्रॅम पिठामागे उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम सांगतो: ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, १०५० म्हणजे कोंड्याचा अंश असलेलं. १०५० आणि फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या गव्हाचं पीठ, निम्मं-निम्मं घेतलं की आपल्या कणकेच्या जवळ जातं. ही पिठं चक्कीच्या पिठाइतकं पाणी पीत नाहीत. २५० ग्रॅमला १५० मिली पाण्यापासून सुरुवात करा आणि अर्धा तास झाकून ठेवा. घरच्या अंदाजाने पाणी ओतलं तर कणीक हाताला चिकटून बसते. मसूरडाळ ‘रोटे लिन्झन’ नावाने कुठेही मिळते. तूरडाळ, पोहे, हिंग यांसाठी आशियाई दुकान गाठावं लागतं. भारतातून येताना तूप, पेढे आणि ताजा कढीपत्ता बॅगेत नको. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणता येत नाहीत, आणि ताज्या पानांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं.

रोजचा दिवस

वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘१० एस.टी.’ असेल तर दहाला म्हणजे दहाला. परीक्षा अनेकदा एस.टी. असते, आणि पंधरा मिनिटांची सवय लागलेले तिथेच फसतात. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांनी टकटक करतात. गुण उलटे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. तासाला बसलात म्हणून परीक्षेला नाव लागत नाही. नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते.

हाउप्टश्ट्रासे हा दीड किलोमीटरहून लांब पादचारी रस्ता दुपारी टाळा. त्याला समांतर जाणारी प्लोक ही गल्ली सायकलींसाठी राखीव आहे, विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालयही तिथेच. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नाताळच्या बाजाराचे ठेले विद्यापीठाच्या चौकात उभे राहतात, तेव्हा संध्याकाळच्या तासाला दहा मिनिटं आधी निघा.

जेवणासाठी मार्श्टालमधली मेन्झा, म्हणजे विद्यार्थ्यांची खानावळ, चांगली आहे, पण तिथे ताट वजनावर मोजतात. बटाटा आणि रस्सा स्वस्त वाटतात आणि काट्यावर महाग पडतात. भूक मोठी असेल तर ठरावीक किमतीचं ताट देणारी मेन्झा परवडते.

सायकल जुनी घ्या, कुलूप चांगलं घ्या. पुढे-मागे दिवे हवेतच. डिसेंबरात सव्वाआठच्या सुमाराला उजाडतं आणि साडेचारला अंधारून येतं. हातात मोबाइल घेऊन चालवलीत तर ५५ युरो दंड, लाल सिग्नल तोडलात तर किमान ६०. बिस्मार्कप्लाट्झजवळ ट्रामचे रूळ काटकोनात ओलांडा, तिरकं गेलात तर चाक खाचेत अडकून आडवे व्हाल. लांबच्या प्रवासाला डॉइचलांडटिकेट हा मासिक पास आहे. २०२६ पासून ते महिन्याला ६३ युरोंना पडतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. सत्तावीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना या राज्यात ते सवलतीत मिळतं. नेकारला पूर आला की जुन्या पुलाजवळचा नदीकाठचा रस्ता पाण्याखाली जातो. अशा दिवशी निघण्याआधी बसचे बदललेले मार्ग पाहून घ्या.

रविवारी दुकानं बंद. दूध, पीठ, औषध शनिवारीच आणा. अगदी अडलंच तर रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. डॉक्टर हवा पण जीवावरचं नसेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२. पेयाच्या प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि डब्यावर घेतलेली २५ सेंट अनामत दुकानातल्या यंत्रात परत मिळते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा ८. चुरगळलेला डबा यंत्र घेत नाही, कारण त्यावरचा बारकोड वाचता येत नाही. बिनपरतीच्या काचा रस्त्यावरच्या पेटीत टाकायच्या, पण रविवारी नाही. आवाजावरून शेजारी तक्रार करतात.

काम करायचं असेल तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. प्रत्येक दिवसाची नोंद स्वतः ठेवा. तेवढ्यात एक पत्र येईल, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ती भरावी लागते. मात्र ती घरामागे असते, माणसामागे नाही. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकाने भरून बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. वसतिगृहात सार्वजनिक मार्गिकेवर दार उघडणारी खोली मात्र स्वतंत्र घर धरली जाते. पत्र कचऱ्यात टाकलं तर दंडासह थकबाकी मागे लागते.

आणि जानेवारीत ‘र्‍युकमेल्डुंग’ येतं: पुढच्या सत्राचं शुल्क भरून नाव कायम ठेवणं. आठवण ईमेलने येते, विद्यापीठाच्या पत्त्यावर, जो कोणी उघडत नाही. तो पत्ता पहिल्याच आठवड्यात फोनवर जोडून घ्या. मुदत चुकली तर आधी विलंबशुल्क, मग नाव कमी, आणि नाव कमी झालं की राहण्याचा परवानाही धोक्यात येतो.