रोटरी कटरने चामडं कापताना मधेच धागे सुटत होते

पिशवीसाठी 1.2 मिमी जाडीचं मऊ चामडं, रोटरी कटरला (मुठीवर चाकासारखं फिरणारं गोल पातं) 45 मिमी व्यासाचं पातं. कड सरळ येत होती, पण दर 14 सेंमीवर दोन-चार तंतू न कापता राहायचे. हे अंतरच दुखणं सांगतं: 45 मिमी पात्याचा घेर साधारण 141 मिमी, म्हणजे धारेला एकाच जागी खाच पडलीय. बहुतेकदा स्टीलच्या पट्टीवर पातं चढल्याने असं होतं. पातं बदललं, तंतू सुटणं थांबलं.

मग दुसरी कटकट. पात्यापुढे चामड्याची लाट उठायची. पात्याचा नट जास्त आवळलेला, त्यात वॉशरखाली भुसा, त्यामुळे पातं फिरायच्या ऐवजी घासत होतं. भुसा पुसून नट पाव फेरा सैल केला. तेल लावायचं तर अगदी थेंबभर आणि लगेच पुसून. डाग चामड्यावरून जात नाही.

पट्टी कामाच्या तुकड्यावर ठेवायची, म्हणजे हात घसरला तरी घाव उरलेल्या भागावर. जोर लावून एकदा कापण्यापेक्षा हलके दोन हात बरे. कोपऱ्यात मात्र गोल पातं खालपर्यंत कापेपर्यंत वरच्या बाजूला रेघेपुढे गेलेलं असतं. शेवटचा सेंटिमीटर साध्या कटरनेच. 2 मिमीच्या पुढचं कडक चामडं असेल तर रोटरीचा नाद सोडा.