गावची बारव मोकळी करायची असेल तर मोटारीची घाई करू नका

परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी आपली चक्राकार पायऱ्यांची बारव, म्हणजे पायऱ्यांनी उतरायची जुनी दगडी विहीर, गाळ काढून मोकळी केली, तिचे फोटो फिरले, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातल्या पोरांचा फोन येतो. "सर, आम्हीबी बारव काढायलोत. जेसीबी कुणाचा सांगावा?" मी म्हणतो, कुणाचाच नको. मग फोनवर थोडा वेळ शांतता असते.

आमच्या गटानं आजवर सात बारवा मोकळ्या केल्या. पहिलीची भिंत आमच्याच हातानं पडली. ते पुढे सांगतोच. आधी सोपं उरकून घेऊ.

कागद

बारव कुणाच्या नावावर आहे ते सातबाऱ्यावर बघा. खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, गावची असेल तर ग्रामसभेचा ठराव. बारव केंद्र किंवा राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित यादीत असेल तर लेखी परवानगीशिवाय दगडालाही हात लावायचा नाही. यादीत नाव आहे का, हे चहाच्या टपरीवर विचारू नका. कार्यालयात जाऊन विचारा.

वेळ

गुढीपाडवा ते मेचा मध्य. तोवर ज्वारी घरात आलेली असते, ऊसतोडीला गेलेली माणसं गावी परतलेली असतात आणि पाणी तळाला गेलेलं असतं. लगनसराईच्या तिथी टाळा. काम सकाळी सहा ते दहा. अकरानंतर पायरीचा दगड असा तापतो की अनवाणी बसता येत नाही, आणि चक्कर आलेल्या माणसाला पन्नास पायऱ्या वर आणणं हे वेगळंच काम होऊन बसतं.

झाडझाडोरा

कापा, उपटू नका. सांध्यांत रुजलेल्या पिंपळाची मुळं दगड ढकलतात हे खरं, पण तीच मुळं कित्येकदा दगड धरूनही असतात. रोप बोटाएवढं असेल तर निघेल. मनगटाएवढं असेल तर बुंध्याशी कापून थांबा. फूट आली की परत कापा, दोन-तीन वर्षं कापत राहा. "बुंध्यात ॲसिड ओता" असं सांगणारे खूप भेटतील. ज्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा, त्याच पाण्यात ॲसिड?

आता पाणी

इथं नीट वाचा. बारव बिघडते ती इथंच.

आमची पहिली बारव दोन बाजूंनी उतरायची होती, म्हणजे जुन्या शिल्पग्रंथांतल्या वर्गवारीनं भद्रा. एका मुखाची नंदा, तीन मुखांची जया, चारांची विजया. ही नावं तेव्हा आम्हाला तोंडपाठ होती आणि भिंत कशी उभी राहते ते मात्र ठाऊक नव्हतं. रविवारी श्रमदान ठरलेलं, तालुक्याहून पाहुणे येणार, म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच-पाच एचपीच्या दोन मोटारी सोडल्या आणि रात्रभर चालवल्या. पहाटेपर्यंत चौदा फूट पाणी उतरलं. आम्ही खूश. सहाच्या सुमाराला ट्रॉलीतून दगड ओतावेत तसा आवाज आला. उत्तरेच्या भिंतीचा सहा-सात फुटांचा पट्टा पोटात सुटून खाली गेला होता. अर्धा तास उशिरा पडला असता तर खाली पोरं असती. अजूनही तो आवाज आठवला की मला कसंतरी होतं.

त्या गावात विहिरी बांधण्यात हयात गेलेले एक आजोबा होते. ते काठावर आले, खाली बघितलं आणि म्हणाले, "कामून येवढी घाई केली बाबांनो? आत पानी हाय तवर भिंत टेकून हाय. टेका काढला की ती पडनारच की."

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. बारवेची भिंत बहुतेक वेळा चुन्याशिवाय, नुसते घडीव दगड एकमेकांवर बसवून रचलेली असते. तिच्या मागं मुरूम आणि माती भरलेली असते. वर्षानुवर्षं आत पाणी असलं की मागची मातीही तेवढ्याच उंचीपर्यंत भिजलेली राहते. आतलं पाणी भिंतीला मागं रेटतं, मागचं पाणी तिला पुढं रेटतं, आणि तोल राहतो. आतलं पाणी एका रात्रीत काढलं तर मागचं पाणी तेवढ्या वेगानं निघू शकत नाही. मग सगळा रेटा एकाच बाजूनं. आपल्याकडच्या काळ्या मातीतून तर पाणी फारच सावकाश निघतं, आणि भिजून फुगलेली ती माती जागच्या जागी ढकलत राहते.

म्हणून आमचा नियम: दिवसाला एक फूट. जास्तीत जास्त दीड. बांबूवर फुटाफुटाच्या खुणा करून तो कोपऱ्यात उभा करा आणि मोटारीच्या बटणाशी असा माणूस ठेवा ज्याला घाई नाही. आमच्याकडे हे काम एका निवृत्त पोस्टमनकडे असतं. सरपंचांनी सांगितलं तरी ते एक फुटाच्या पुढं जात नाहीत.

फूट उतरला की मोटार बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत भिंत बघत राहायचं. काय बघायचं? नुकत्याच उघड्या पडलेल्या सांध्यांतून पाणी पाझरू लागतं. ते पाझरलंच पाहिजे. मागचं पाणी बाहेर यायची तीच वाट आहे. एक स्वच्छ धुतलेला स्टीलचा पेला सांध्याखाली धरा आणि भरू द्या. पाणी नितळ असेल तर काम पुढं न्या. गढूळ असेल, तळाला मातीचा थर बसत असेल, तर भिंतीमागची माती वाहून यायला लागली आहे. तिथं पोकळी होते आहे. उपसा थांबवा, दोन-तीन दिवस जाऊ द्या, पाणी थोडं चढू द्या. तरी गढूळच आलं तर काम बंद करून दगडी बांधकामाचं कळणारा माणूस आणा. जुन्या भेगांवर आडवे प्लास्टर ऑफ पॅरिसचे दोन बोटं रुंद पट्टे थापून तारीख लिहा. पट्टा तडकला तर भेग हलते आहे, मग वाद घालायचा नाही.

ज्या बारवेला जिवंत झरा आहे तिथं रात्रीतून पाणी परत चढतं आणि पोरं वैतागतात. वैतागू द्या. चढलेलं तेवढं सकाळी काढा आणि वर एक फूट.

उपसलेलं पाणी कुठं सोडता, यावरही लक्ष हवं. दुसऱ्या बारवेला आम्ही पाईप काठापासून दहा पावलांवरच्या खड्ड्यात सोडला. तेच पाणी जमिनीतून मुरून परत भिंतीमागं आलं. चार दिवस आम्ही एकच पाणी गोल गोल फिरवत होतो. निदान शंभर फूट लांब आणि उताराच्या बाजूला न्या.

मोटार आणि हवा

डिझेल इंजिन बारवेत उतरवू नका. वर ठेवलेला पंप साधारण पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही, मग कुणीतरी शहाणा म्हणतो, "इंजिनच दोन टप्पे खाली घेऊ." त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बसल्या जागी झोपल्यासारखा पडतो. विजेची पाणबुडी मोटार वापरा, आणि ती चालू असताना पाण्यात कुणीही नको. केबलला एक जोड निघालेला असला तरी तेवढा जीव घ्यायला पुरतो.

जुना गाळ ढवळला की सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वायू विषारीच आहे, आणि वास अचानक गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका. जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. रुंद पायऱ्यांच्या उघड्या बारवेत धोका कमी असतो. आतली गोल विहीर खोल आणि अरुंद असेल तर तो वाढतो. कंदील सोडून बघायची जुनी रीत प्राणवायू आहे की नाही एवढंच सांगते, विषारी वायूचं नाही. त्या आतल्या विहिरीत एका वेळी एकच माणूस, कमरेला दोर, वर दोर धरणारे दोघं. तो पडला तर दोर ओढायचा. मागोमाग उडी मारायची नाही. विहिरीत एकामागं एक माणसं जातात ती वाचवायला उतरलेलीच असतात.

गाळ

घमेल्यांची साखळी करा, पायरीला एक माणूस. बायका, पोरं, म्हातारी, सगळी चालतात. जेसीबी काठावर उभासुद्धा करू नका. त्याचं वजन आणि हादरा भिंतीमागच्या भरावावर जातो, आणि कारण तुम्हाला आता ठाऊक आहे.

गाळ मधून काढत कडेला या. भिंतीच्या पायथ्याशी दोन फुटांचा पट्टा तसाच ठेवा. तो गाळच कित्येक वर्षं तिचा पाय धरून बसलेला असतो. शेवटी तो तुकड्या-तुकड्यानं काढा, एका दिवसात सगळ्या बाजू नकोत. पहार मारल्यावर ठक्क आवाज आला, खाली घडीव दगड किंवा मूळ खडक लागला, की थांबा. तळ लागल्यावर "अजून थोडं खोल" म्हणणारा हमखास भेटतो. त्याला चहा पाजा.

काढलेला गाळ काठावर रचू नका. आम्ही एकदा रचला, वळवाच्या पहिल्या सरीत अर्धा परत आत. शेतात टाकायचा तर आधी चाळा. गाळात गुटख्याच्या पुड्या, देवाच्या फोटोंच्या काचा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे गणपती निघतात. फोटो-मूर्ती पोरांना उचलायला लावू नका. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्याच्या हातून त्या बाजूला ठेवून घ्या, नाहीतर त्यावरून भांडणात एक अख्खी सकाळ जाते.

दगडी मूर्ती, शिलालेख, नाणी निघाली तर जागेवर फोटो, चारचौघांसमोर नोंद, आणि तहसीलला कळवायचं. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांच्या वर मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि कळवलं हे गावभर सांगा. "बारवेत हंडा निघाला" ही अफवा पहिल्याच आठवड्यात उठते, आणि ती उठली की रात्री पहारी घेऊन कोण येतं ते सकाळी उखडलेल्या पायरीवरून कळतं.

मासे, बेडूक, पाणसर्प आणि कासवं आधीच प्लास्टिकच्या टाकीत, त्याच पाण्यात, सावलीला ठेवा. आपल्या विहिरींत सापडतं ते मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी "घरी नेतो, लक्ष्मी असते" म्हणालं तर वन विभागाचं नाव घ्या. काम संपलं की सगळ्यांना परत आत सोडा. कोनाड्यांत वटवाघळं किंवा घुबड असेल तर तो कोनाडा सोडून द्या, कोनाड्याशिवायही बारव साफ दिसते.

सिमेंट

नको. "सांधे भरून घेऊ, मजबूत होईल" हा सल्ला निधी देणारेच बहुतेक देतात, त्यामुळे नाही म्हणणं अवघड जातं. तरी म्हणा. पेल्यात धरलेलं ते नितळ पाणी आठवा. सिमेंटनं त्याची वाट बुजली की ते भिंतीमागं साचतं, आणि पावसाळ्यात भिंत पोट काढते. निसटलेला दगड त्याच्याच जागी बसवा, फार तर चुन्यात. ऑइलपेंट, टाइल्स आणि मान्यवरांच्या नावाची ग्रॅनाइटची पाटीही नको. पाटी अगदी लावायचीच असेल तर बाहेर रस्त्यावर खांब रोवून.

नंतर

जून लागायच्या आत काठाभोवतीच्या उताराला चर देऊन गटाराचं पाणी वळवा. टँकर मागवून बारव भरू नका, दीपोत्सव तोंडावर असला तरी नको. कोरड्या भिंतीवर एकदम आलेलं पाणीही मागच्या मातीला सोसत नाही. ती आपल्या झऱ्यानं भरू द्या. बांबू तिथंच ठेवा आणि दर अमावास्येला पाणी कितव्या खुणेवर आहे ते शाळेतल्या पोरांना वहीत लिहू द्या. आमच्या त्या पहिल्या बारवेची वही आता चौथ्या वर्षात आहे. उत्तरेची भिंत परत रचून घेतली, तिला दोन उन्हाळे लागले. त्या तुकड्याखाली पोस्टमनकाका अजून अधूनमधून पेला धरून बघतात.