एक मजकूर, तीन तऱ्हेचे संगणक: स्मरणिका लावताना मी काय करते

मिरजेत माझं टायपिंग आणि डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावून देण्याचं, छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी एका वाचनालयाची स्मरणिका माझ्याकडे आली. खजिनदारकाका जमाखर्च विंडोजवर करतात, शाळेतल्या सरांच्या लॅबमध्ये उबंटू (लिनक्स प्रणालीचा एक प्रकार) आहे, संपादनाला बसलेली माझी भाची पुण्याहून मॅकवर काम करते, आणि एका ज्येष्ठ लेखकांकडे जुना संगणक, त्यात जुनेच फॉन्ट. पहिल्या आठवड्यात चौघांचेही फोन आले आणि चौघांचं म्हणणं एकच: "ताई, फाईल बिघडलीय."

फाईल बहुतेक वेळा धडधाकट होती. ज्या संगणकावर आपला हात बसलेला असतो तिथे जसं दिसतं, जसं चालतं, तसंच ते सगळीकडे असेल हे आपण धरूनच चालतो. त्यात त्या माणसाची चूक नाही. पण चार ठिकाणचा मजकूर एकत्र आणायचा असेल, तर कोण काय धरून बसलंय हे आधी कळायला हवं. म्हणून आता कुठलंही काम घेताना मी सगळ्यांना तीन गोष्टी विचारते. तुम्हाला हा मजकूर नुसता वाचायचाय की त्यात बदल करायचेत? संगणक कुठला आणि त्यावर कुठला प्रोग्राम? आणि मराठी कशाने टाइप करता?

पहिल्याच प्रश्नाने निम्मं काम हलकं होतं. ज्यांना फक्त नजर टाकायची आहे त्यांना पीडीएफ पाठवा. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा आत बसून जातो, त्यामुळे मोबाइलवरसुद्धा पान जसंच्या तसं दिसतं. अध्यक्षांना वर्डची फाईल पाठवून "अक्षरं अशी का दिसतात?" हे ऐकण्यात काही अर्थ नाही. मात्र पीडीएफवरून मजकूर परत उचलता येईल या भरवशावर राहू नका. देवनागरी कॉपी करताना वेलांट्या आणि जोडाक्षरं जागा सोडतात. मूळ फाईल नेहमी जपून ठेवा.

आता फॉन्ट. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून सविस्तर सांगते.

आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, आहे का ते बघा. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतो, वरून मराठीचा मुखवटा असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मुखवटा उतरतो आणि सगळी अगम्य चिन्हं दिसतात. ओळखायची युक्ती साधी आहे. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसलं तर युनिकोड आहे, चिन्हं दिसली तर नाही. असा मजकूर आला तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग मूळ कागद शेजारी ठेवून वाचा. रूपांतरात रफार, 'क्ष', 'ज्ञ' आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास चुकतात. त्या ज्येष्ठ लेखकांचा लेख मी त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचला, तेव्हा कुठे तो शुद्ध झाला.

युनिकोड असूनही पान वेगळं दिसतं, कारण विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही घरचे फॉन्ट निरनिराळे आहेत. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं मंगल होता, तो विंडोज २००० पासून आला. विंडोज ८ पासून निर्मला यूआय आहे, आणि विंडोज १० पासून मराठी किंवा हिंदीसारखी भाषा जोडल्याशिवाय मंगल मिळेलच असं नाही. मॅकवर कोहिनूर देवनागरी आणि देवनागरी एमटी असतात. लिनक्सवर बहुधा लोहित किंवा नोटो. मंगलच्या ओळी उंच बसतात. त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला की ओळी जवळ येतात आणि अठरा पानांचा लेख सोळावर येतो. अनुक्रमणिका चुकली म्हणून सर काळजीत पडले होते, ते यामुळेच.

माझा तोडगा असा की कामात एकच फॉन्ट ठरवायचा आणि तो सगळ्यांना द्यायचा. मी 'मुक्त' नावाचा फॉन्ट घेते. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, तिन्ही प्रणालींवर चालतो, आणि त्यात इंग्रजी अक्षरंही आहेत. त्याचे सात जाडीचे प्रकार येतात. त्यातले रेग्युलर आणि बोल्ड एवढेच बसवा, नाहीतर फॉन्टच्या यादीत लोकांचा गोंधळ होतो. विंडोजवर फॉन्टच्या फाईलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल, मॅकवर दोनदा क्लिक केलं की फॉन्ट बुक उघडतं, उबंटूवरही दोनदा क्लिक करून इन्स्टॉल. मग वर्ड किंवा लिब्रेऑफिस (वर्डसारखाच लेखनाचा प्रोग्राम) बंद करून पुन्हा उघडा. फॉन्ट बसवणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी तो फाईलमध्येच भरता येतो: वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, सेव्ह इथे, आणि लिब्रेऑफिसमध्ये फाईल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे. ओळींमधलं अंतर 'सिंगल' न ठेवता पॉइंटमध्ये पक्कं द्या. १३ पॉइंटच्या अक्षराला मी २० देते.

फॉन्ट नाहीये हे ओळखायचं कसं? लिब्रेऑफिसमध्ये वरच्या चौकटीत फॉन्टचं नाव तिरकं दिसलं तर तो या संगणकावर नाही, दुसराच वापरला जातोय. वर्ड काही न बोलता बदलतो, त्यामुळे तिथे आपणच लक्ष ठेवायचं.

मराठीची आपली म्हणून एक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. 'वाऱ्याने', 'पुढाऱ्यांनी', 'दऱ्या' यांतला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही जण नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात, काही कळफलक साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण शोधायला गेलात तर अर्धेच शब्द सापडतात, आणि फाइंड-रिप्लेसने केलेली दुरुस्ती अर्धीच होते. म्हणून सगळे लेख एकत्र आल्यावर पहिलं काम हे करा: दुसऱ्या तऱ्हेचा एक नमुना मजकुरातून कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि सगळीकडे नुक्त्याचा ऱ करून घ्या. इनस्क्रिप्ट या मराठीच्या प्रमाण कळफलकात तो शिफ्ट आणि जे दाबून येतो, ळ शिफ्ट आणि एन दाबून.

इनस्क्रिप्टचा विषय निघालाच आहे तर सांगते, शिकायचा असेल तर तोच शिका. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे तो आधीपासून असतो आणि कळा त्याच जागी असतात. रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर, ज्यांचा हात बसलाय त्यांना मी आग्रह करत नाही. तीस वर्षांचा वेग कुणी सोडू नये. त्यांच्या संगणकावर तो कळफलक वेगळा बसवून द्या, फक्त उमटणारा मजकूर युनिकोड आहे ना एवढं पाहा.

फाईलचा प्रकार कुठला ठरवायचा? लिब्रेऑफिसचा ओडीटी हा खुला नमुना आहे, २००६ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. वर्डच्या डॉक्सचा (.docx) नमुना २००८ साली मानक झाला. मला मनापासून ओडीटी आवडतो, माझं स्वतःचं सगळं त्यातच आहे. पण चार घरांत फिरणारी फाईल मी डॉक्समध्ये ठेवते, कारण मॅकवरचं पेजेस (तिथला लेखनाचा प्रोग्राम) ओडीटी उघडत नाही, डॉक्स उघडतं. भाचीला एक गोष्ट मात्र पक्की सांगावी लागली. पेजेसमध्ये नुसतं सेव्ह केलं की पेजेसचीच फाईल होते. माझ्याकडे पाठवताना फाईल, एक्स्पोर्ट टू, वर्ड असं करायचं. उबंटूवर सरांना दर वेळी प्रश्न यायचा की वर्डचा नमुना ठेवू की ओडीएफ (म्हणजे ओडीटीचाच खुला नमुना). ते घाबरून रद्द करायचे. तिथे वर्डचा ठेवा असं सांगायचं, बस.

जमत असेल तर सगळ्यांनी लिब्रेऑफिसच घ्यावं. ते फुकट आहे, तिन्ही प्रणालींवर चालतं, मेन्यू मराठीतही करता येतात. पण तिथेही घराची रीत वेगळी. विंडोज आणि लिनक्सवर सेटिंग टूल्समध्ये ऑप्शन्स या नावाने असतात. मॅकवर ती जागाच नाही, लिब्रेऑफिस या नावावर क्लिक करून प्रेफरन्सेस किंवा सेटिंग्ज उघडावं लागतं. फोनवर "टूल्समध्ये जा" म्हणत मी दहा मिनिटं घालवली होती, आणि भाची खरंच सांगत होती की इथे ते नाहीये.

हाताच्या सवयी पण समजून घ्या. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम चालूच राहतो, पूर्ण बंद करायला कमांड आणि क्यू. लिनक्सवर मजकूर नुसता निवडला की तो लक्षात ठेवला जातो आणि माउसचं चाक दाबलं की तिथे चिकटतो. सरांच्या एका लेखात मध्येच दुसऱ्या लेखाचं वाक्य आलं होतं ते असंच. पेजेस आपणहून सेव्ह करत राहतं. त्या सवयीने माझ्या संगणकावर बसलेल्या भाचीचं दोन तासांचं काम वीज गेल्यावर गेलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्डचं आपोआप सेव्ह वनड्राइव्हवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यातल्या, फाईलला लागू असतं. संगणकातल्या फाईलसाठी दर काही मिनिटांची जीवरक्षक प्रत असते, पण ती सेव्ह नव्हे. दुसऱ्याच्या यंत्रावर बसणाऱ्याला मी आधी हेच सांगते.

पानं लावताना एंटर मारत नवीन पानावर जाऊ नका, आणि जागा सोडायला स्पेसबार दाबत बसू नका. दुसऱ्या यंत्रावर सगळं सरकतं. नव्या पानाला कंट्रोल आणि एंटर, मॅकवर कमांड आणि एंटर. मथळ्यांना हेडिंगची स्टाइल द्या, मग अनुक्रमणिका आपोआप होते.

खजिनदारकाकांच्या तक्त्यांसाठी थोडंसं. ०५/०३ ही पाच मार्च की तीन मे, हे संगणकाच्या प्रदेशाच्या सेटिंगवर ठरतं, म्हणून महिना अक्षरात लिहून घ्या. मॅकवरच्या २००८ आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये दिवस १९०४ पासून मोजले जात, विंडोजवर १९०० पासून. अशा जुन्या वहीतून तारखा नव्या वहीत चिकटवल्या तर १,४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाचा फरक पडतो. सभासदांच्या जन्मतारखा असतील तर दोन-तीन ओळखीच्या माणसांच्या पडताळून पाहा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाईल) द्यायची असेल तर यूटीएफ-८ वाली, म्हणजे युनिकोडची, निवडा, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावं फुटतात.

फाईलचं नाव साधं ठेवा. मॅक किंवा लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोज ते घेत नाही. लिनक्सवर इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांची नावं वेगळी धरली जातात, म्हणजे एकाच अहवालाच्या दोन फायली होऊन बसतात. मी लेखाचा क्रमांक, लेखकाचं आडनाव आणि तारीख एवढंच देते.

छापखान्यात पीडीएफ जाण्याआधी ती ज्या संगणकावर केली त्यावर तपासू नका. मी माझ्या यंत्रावर केली, सरांनी उबंटूवर उघडली, भाचीने मॅकवर. प्रत्येकाने पाच पानं वाटून घेतली आणि 'र्‍य', 'द्ध', 'ष्ट्र', 'ॲ' असलेले शब्द बोट ठेवून बघितले. उबंटूवर 'राष्ट्रीय'मधलं जोडाक्षर एका पानावर सुटं दिसलं. तो एक परिच्छेद जुन्या फॉन्टमध्येच राहून गेला होता. तो बदलला, पुन्हा पीडीएफ केली, आणि या वेळी तिघांनीही सगळी पानं बघितली.