हिरोवर मोठं कलम लागलं की ते टिकणारं आहे का फुगवलेलं, हे स्वतः कसं तपासायचं

कोणी मोठा हिरो आत गेला की दोन पार्ट्या लगेच तयार होतात, एक म्हणते पोलिसांनी मुद्दाम गुंतवलं आणि दुसरी म्हणते पैशावाला आहे, सुटणारच. बर्डीवरच्या टपरीपासून फॅमिली ग्रुपपर्यंत सगळीकडे हेच चालून राहिलं असतं, पण नेमकं कलम कोणतं लागलं आणि त्या कलमाला काय काय सिद्ध करावं लागते हे विचारणारा क्वचितच भेटतो. मी नागपुरात फौजदारी वकिली करतो, अशी बातमी आली की ओळखीचे लोक फोन करून विचारतात, "भाऊ, हे जरा जास्तीचं नाही का होऊन राहिलं?" कधी होत असते, कधी नाही. ते कसं बघायचं ते लिहून देतो, त्यासाठी वकील असायची गरज नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. आपल्याकडे कलमं सरकारी वकील लावत नाही. एफआयआरमध्ये कलम टाकतात पोलीस, तपास संपल्यावर चार्जशीटमध्ये कोणती ठेवायची ते ठरवतो तपास अधिकारी, आणि त्यातली खरोखर कोणती चालवायची हे ठरवतात जजसाहेब, चार्ज फ्रेम करताना, म्हणजे खटल्याआधी आरोप निश्चित करताना. सरकारी वकील मध्ये उभा असतो, रिमांड मागतो, जामिनाला विरोध करतो, तिथे त्याची जबाबदारी नक्कीच आहे कारण तो पोलिसांचा वकील नसतो, त्याने कोर्टासमोर खरं तेच मांडायचं असते. अमेरिकेत उलट आहे, तिथे आरोप कोणता ठेवायचा हे मुख्यतः सरकारी वकीलच ठरवतो. म्हणून तिकडची बातमी वाचून इकडे तोच शब्द चिकटवू नका, आपल्याकडे जास्तीचं झालं असेल तर तीन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यावर झालं हे बघावं लागते.

मग कागद शोधा. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका, लैंगिक गुन्हे, दहशतवाद असे नाजूक विषय सोडून. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर प्रसिद्ध झालेले एफआयआर जिल्हा आणि पोलीस स्टेशन टाकून शोधता येतात. चार्जशीट मात्र अशी मिळणार नाही, ती सगळ्यांसाठी वेबसाइटवर टाकायची मागणी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली. त्यामुळे सगळ्यात कामाचा कागद म्हणजे जामिनाचा आदेश, त्यात सरकारी बाजू काय म्हणाली, आरोपीचा वकील काय म्हणाला आणि कोर्टाला काय पटलं हे सगळं एका जागी सापडते. मुंबई हायकोर्टाच्या साइटवर नागपूर खंडपीठ निवडलं की आपल्या इकडचेही आदेश दिसतात. "सूत्रांच्या माहितीनुसार" ने सुरू होणारी बातमी वाचून मत बनवूच नका, त्या सूत्राला कोर्टात उलटतपासणी द्यावी लागत नाही.

कलम हातात आलं की त्याचे तुकडे करा. हे काम सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सावकाश सांगतो. मृत्यूच्या प्रकरणात बहुतेक वेळा भांडण दोन कलमांचं असते, जुन्या आयपीसीत ३०४-अ आणि ३०४ भाग दोन, आणि १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहितेत १०६ आणि १०५. १०६ म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, साधारण प्रकरणात जामीनपात्र. १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, खून नाही पण त्याच्या खालचं, अजामीनपात्र. दोन्हीत माणूस गेलेलाच असतो, फरक एवढाच की १०५ मध्ये "आपल्या या कृतीने कोणी मरू शकते हे याला माहीत होतं" हे सिद्ध करावं लागते. तर बातमी वाचताना हाच प्रश्न विचारा, त्या माणसाला काय माहीत होतं आणि ते माहीत होतं याचा पुरावा कोणता.

अल्लू अर्जुनचं प्रकरण यात घालून बघा. ४ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या संध्या थिएटरमध्ये प्रीमियरला चेंगराचेंगरी झाली, एक बाई गेली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. १३ डिसेंबरला हिरोला अटक, कलम १०५ आणि ११८, म्हणजे धोकादायक साधनाने इजा. त्याच दिवशी खालच्या कोर्टाने कोठडी दिली आणि त्याच संध्याकाळी तेलंगणा हायकोर्टाने चार आठवड्यांचा अंतरिम जामीन दिला, तरी रात्र तुरुंगात गेली. थिएटरवाले म्हणत होते आम्ही बंदोबस्तासाठी पत्र दिलं होतं, पोलीस म्हणत होते आम्ही नको म्हणून कळवलं होतं. हा वाद खरा आहे, गर्दीची जबाबदारी कोणाची हे ठरलंच पाहिजे, एका घरातली आई गेली आहे. पण नटाला आपण गेल्याने माणूस मरेल हे माहीत होतं असं म्हणायला खूप जास्त लागते. निष्काळजीपणाचा आरोप वादाचा का होईना समजू शकतो, १०५ मला तेव्हाही ताणलेलं वाटलं आणि आजही वाटते.

आता उलटी बाजू. दारू पिऊन गाडीने लोकांना चिरडलं तर मोठं कलम लागणं हे जास्तीचं आहे का? नाही. कारण तिथे कोर्टाने आधीच रेष आखून दिली आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत कार्टर रोडवर अॅलिस्टर परेराच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले सात लोक गेले, खालच्या कोर्टाने ३०४-अ धरलं होतं, हायकोर्टाने ३०४ भाग दोन लावलं आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. परेरा काही हिरो नव्हता. आपल्या नागपुरातलं बघा, फेब्रुवारी २०२४ मध्ये रामझुला पुलावर मर्सिडीजने दोन तरुणांना उडवलं, दोघेही गेले, आधी जामीनपात्र कलमं लागली, लोक भडकले, मग ३०४ लागलं आणि पुढे आपल्या खंडपीठाने अटकपूर्व जामीन नाकारला. तिथेही कोणी सेलिब्रिटी नव्हतं. म्हणजे तपासायची पद्धत अशी, तेच कृत्य, तेवढाच पुरावा, पण माणूस अनोळखी, तर त्याला कोणतं कलम लागलं असतं? हिरोला त्यापेक्षा वरचं लागलं असेल तर बोला, तेवढंच लागलं असेल तर गप्प बसा, आणि खालचं लागलं असेल तर जास्त जोरात बोला.

कलम फुगवल्याने नुकसान फक्त आरोपीचं होते असं समजू नका. सलमान खानचं २००२ चं प्रकरण नीट वाचलं तर अंगावर काटा येते. २८ सप्टेंबर २००२, वांद्रे, फुटपाथवरचा एक माणूस गेला, चार जखमी. ३०४ भाग दोन लागलं, २००३ मध्ये हायकोर्टाने ते काढलं, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पुरावा आल्यावर मॅजिस्ट्रेटने ठरवावं. मग केस ३०४-अ वर चालली, वर्षं गेली, आणि २०१३ मध्ये पुन्हा ३०४ भाग दोन लावून वरच्या सेशन कोर्टाकडे गेली, साक्षी पहिल्यापासून. मध्ये महत्त्वाचा साक्षीदार, गाडीत बसलेला अंगरक्षक पोलीस शिपाई, २००७ मध्ये वारला होता. त्याची साक्ष झाली होती ती छोट्या कलमाच्या केसमध्ये. मे २०१५ मध्ये सेशन कोर्टाने पाच वर्षं दिली, डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडलं, आणि सोडताना एक मुद्दा हाच होता की त्या शिपायाची जुनी साक्ष मोठ्या कलमाच्या खटल्यात वापरता येत नव्हती, उलटतपासणी त्या आरोपावर झालीच नव्हती. फुटपाथवरच्या त्या कुटुंबांचा विचार करा. सुरुवातीलाच कोणतं कलम हे नीट ठरवून, त्याच्यावर ठाम राहून खटला चालवला असता तर निदान साक्ष तरी वाया गेली नसती. मला तर हा सगळ्यात मोठा अन्याय वाटते, आणि तो हिरोवर झालेला नाही.

ड्रग्जच्या केसेसमध्ये बघायची जागा वेगळी आहे. तिथे शिक्षा किती यापेक्षा जामिनाचं काय होते ते बघा. एनडीपीएस कायद्याचं कलम २७ म्हणजे सेवन, जास्तीत जास्त एक वर्ष. कलम २७-अ म्हणजे ड्रग्जच्या धंद्याला पैसा पुरवणं किंवा आरोपीला आसरा देणं, कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. आणि २७-अ लागलं की कलम ३७ मागे येते, म्हणजे हा माणूस दोषी नाही असं मानायला कारण आहे याची कोर्टाला खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. चार्जशीटची मुदतही १८० दिवसांवर जाते. एक अक्षर वाढलं आणि माणसाचं अख्खं वर्ष बदललं.

रिया चक्रवर्तीला ८ सप्टेंबर २०२० ला अटक झाली, त्यात २७-अ होतं. ७ ऑक्टोबरला मुंबई हायकोर्टाने जामीन देताना म्हटलं की कोणासाठी ड्रग्ज घ्यायला पैसे देणं म्हणजे धंद्याला पैसा पुरवणं नाही. सरकारी बाजू म्हणत होती की सेलिब्रिटींना कडक वागवलं पाहिजे, तरुणांपुढे उदाहरण जाते. कोर्टाने ते मानलं नाही, प्रसिद्ध माणसाला कोर्टात खास सवलत नाही तशी खास जबाबदारीही नाही असं सांगितलं. हा आदेश शोधून वाचाच. रिमांड किंवा जामिनाच्या वेळी "समाजात संदेश जायला पाहिजे" असं सरकारी बाजूने म्हटलं की कान टवकारा, पुरावा भक्कम असला की या वाक्याची गरज पडत नाही.

आर्यन खानचं तर सगळ्यांना आठवते. २ ऑक्टोबर २०२१ ला क्रूझवर छापा, त्याच्याकडे काही सापडलं नाही, मित्राकडे ६ ग्रॅम चरस, आणि कायद्यात चरसची छोटी मात्रा १०० ग्रॅमपर्यंत आहे. मग मोठं प्रकरण कशाने झालं? कट, कलम २९, आणि व्हॉट्सॲप चॅट. २८ ऑक्टोबरला हायकोर्टाने जामीन दिला, कटाचा पुरावा दिसत नाही म्हटलं, आणि अधिकाऱ्यांसमोर दिलेला कबुलीजबाब धरता येत नाही हेही सांगितलं, कारण सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्येच तूफान सिंग प्रकरणात ते ठरवलं होतं. २७ मे २०२२ ला चार्जशीट आली, १४ जणांवर, आर्यनसकट सहा जण पुराव्याअभावी वगळले. इथे तपासायची खूण सोपी आहे, मुद्देमाल किती, कोणाच्या ताब्यात, आणि बाकी सगळं नुसतं "कट" या एका शब्दावर उभं आहे का.

आता थोडं सावध करतो. मोठं कलम पडलं म्हणजे गुन्हाच खोटा असा अर्थ काढू नका. संजय दत्तवर टाडा, म्हणजे तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा, लागला होता, २००६ मध्ये टाडातून सुटला, पण हत्यार कायद्याचा गुन्हा टिकला, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोष कायम ठेवून शिक्षा सहावरून पाच वर्षं केली आणि उरलेली शिक्षा त्याने येरवड्यात भोगली, फेब्रुवारी २०१६ मध्ये बाहेर आला. तसंच जामीन मिळाला म्हणजे केस पोकळ असंही नाही. कन्नड नट दर्शनला खुनाच्या केसमध्ये कर्नाटक हायकोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये जामीन दिला, तो १४ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला. तिथे जास्तीचं झालं होतं ते जामिनात, कलमात नाही.

परदेशातल्या बातमीला हीच फूटपट्टी लावा. हॉलिवूडचा नट अॅलेक बाल्डविनच्या हातातल्या बंदुकीतून ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत शूटिंगच्या वेळी गोळी सुटून कॅमेरावाली बाई गेली. जानेवारी २०२३ मध्ये आरोप लावताना सरकारी वकिलांनी पाच वर्षं सक्तीची करणारी एक वाढीव तरतूद लावली, जी घटनेच्या वेळी कायद्यात त्या स्वरूपात नव्हतीच, पुढच्या महिन्यात ती काढावी लागली. आपल्याकडे संविधानाच्या कलम २०(१) ने हे थेट बंद केलं आहे. पुढे आरोप मागे घेतला, २०२४ मध्ये पुन्हा लावला आणि १२ जुलै २०२४ ला खटला चालू असतानाच कोर्टाने केस कायमची बंद केली कारण गोळ्यांसंबंधीचा पुरावा बचाव पक्षाला दिलाच नव्हता. हे जास्तीचंच. पण अमेरिकन रॅपर शॉन कोम्ब्सचं घ्या, जुलै २०२५ मध्ये ज्युरीने सगळ्यात मोठे आरोप फेटाळले आणि दोन छोट्यांत दोषी धरलं. नुसतं मोठं पडलं म्हणून मी त्याला जास्तीचं म्हणणार नाही, तिथे साक्षीदार उभे राहिले, आठवडे साक्षी झाल्या, पुरावा तोलून निर्णय झाला. आरोप लावताना हातात काय होतं हे बघायचं, शेवटी काय निकाल लागला ते नाही.

एक गोष्ट मनापासून सांगतो. हिरोवर जे होते ते कॅमेऱ्यात दिसते, पण त्याच पद्धतीने कट आणि २७-अ लावलेली पोरं प्रत्येक जिल्हा कोर्टात तारखेला उभी असतात आणि त्यांच्याकडे चार आठवड्यांत हायकोर्टात उभा राहणारा सीनियर वकील नसतो. हिरोसाठी ही फूटपट्टी शिकलात तर तुमच्या मोहल्ल्यातल्या पोराच्या वेळीही काढा, त्याला त्याची जास्त गरज आहे.

शेवटचं काम म्हणजे थांबणं. अटकेच्या दिवशी जी कलमं सांगतात ती लिहून ठेवा, साधारण ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आली की त्यातली कोणती गळाली ते बघा. मग ई-कोर्ट्सच्या साइटवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा वेगळा नंबर, टाकून तारखा बघत राहा. आरोपीने डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच सोडून देण्याचा, अर्ज केला का, त्यावर काय आदेश झाला, आणि चार्ज कधी फ्रेम झाला. चार्ज फ्रेम झाल्याच्या दिवशी जजसाहेबांनी जी कलमं ठेवली ती तुमच्या पहिल्या दिवसाच्या यादीशेजारी लिहा आणि मग ग्रुपवर काय टाकायचं ते टाका.