गावच्या मंडळाने पक्षाशी व्यवहार कसा ठेवावा

विदर्भातील जवळपास प्रत्येक मोठ्या गावात परंपरा सांभाळणारे एखादे तरी मंडळ असते. कुठे ते सामुदायिक प्रार्थना आणि हरिनाम सप्ताह चालवते, कुठे गोरक्षण म्हणजे गोशाळा सांभाळते, कुठे पोळ्याचे तोरण आणि गावजेवणाची पंगत त्याच्याकडे असते, तर कुठे दारूचे दुकान हटवण्यासाठी बाया एकत्र आलेल्या असतात. अशा मंडळाचा आज ना उद्या एखाद्या प्रस्थापित पक्षाशी संबंध येतो, कारण परवाना, निधी, कायदा आणि ठाणेदार यांच्या वाटा शेवटी सत्तेतूनच जातात. तो संबंध कोणत्या अटींवर ठेवायचा, हे तालुक्याचा नेता दारात येण्यापूर्वी मंडळाने ठरवलेले असावे. नेता चहा पिऊन गेल्यावर घेतलेले निर्णय बहुधा त्याचेच असतात.

सुरुवात कागदापासून करावी. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्राचा सार्वजनिक न्यासांविषयीचा १९५० चा कायदा यांखाली नोंदणी करण्यासाठी किमान सात सभासद लागतात, आणि हे काम धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या कार्यालयात होते. नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासून घेणे आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज देणे आवश्यक असते. हा दुसरा भाग पुष्कळ मंडळे विसरतात, आणि मग जुना अध्यक्ष पक्षात गेल्यावरही कागदोपत्री तोच अध्यक्ष राहतो व मंडळाच्या शिक्क्यासह पाठिंब्याचे पत्र देऊन मोकळा होतो. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांपैकी कोणीही कोणत्याही पक्षाचे पद घेऊ नये, आणि घ्यायचे असल्यास आधी मंडळाचे पद सोडावे, असे कलम मंडळाच्या घटनेतच असावे. साध्या सभासदावर मात्र असे बंधन घालू नये, कारण ज्या गावात पक्षाचा एकही माणूस मंडळात नाही, तिथे मंडळाचे म्हणणे वरपर्यंत नेणाराही कोणी उरत नाही.

पदांची ही फारकत काही नवी कल्पना नाही, आणि तिचे दाखले शोधायला दूर जाण्याचीही गरज नाही. १९२५ साली नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू झाला, १९५१ साली भारतीय जनसंघ स्थापन झाला, आणि संघाने आपले काही कार्यकर्ते पक्षाच्या कामाला दिले तरी स्वतःची रचना वेगळी ठेवली. १९७७ मध्ये जनसंघ जनता पक्षात विलीन झाल्यावर पूर्वीच्या जनसंघीयांनी संघाशी संबंध ठेवावा की नाही, यावरून दुहेरी सदस्यत्वाचा वाद पेटला आणि त्यातूनच ६ एप्रिल १९८० रोजी भारतीय जनता पक्ष निघाला. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी जनसंघाकडून राज्यसभेत होते, परंतु १९५५ साली उभारलेला भारतीय मजदूर संघ त्यांनी पक्षाची शाखा होऊ दिला नाही, आणि वाजपेयींचे सरकार असतानाही त्या सरकारच्या आर्थिक धोरणांवर उघड टीका केली. त्याहून जुने उदाहरण वणीच्या बापूजी अणे यांचे आहे. ते काँग्रेसमधील वजनदार पुढारी होते, तरी जातीय निवाड्याच्या (ब्रिटिश सरकारच्या धर्म-जातवार वेगळ्या मतदारसंघांच्या निर्णयाच्या) एका प्रश्नावर पक्षाची भूमिका पटेना, तेव्हा १९३४ साली मदनमोहन मालवीयांबरोबर त्यांनी वेगळा काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. विदर्भात परंपरानिष्ठ माणूस कोणत्या तरी एकाच पक्षात सापडतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

यानंतर मागणी निवडावी, आणि ती एकच असावी. "संस्कृतीचे रक्षण व्हावे" अशी मागणी कोणत्याही उमेदवाराला आनंदाने मान्य होते, कारण तिच्यासाठी त्याला काहीच करावे लागत नाही. अमुक रस्त्यावरचे देशी दारूचे दुकान, अमुक गट क्रमांकावरील चराईच्या जमिनीचे अतिक्रमण, अमुक गोरक्षणाचा रखडलेला चारा, अशी ठिकाण सांगणारी मागणी हवी.

दारूच्या दुकानाचे उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण पक्षाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. राज्य सरकारच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील एकूण किंवा महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली (दुकान चालू ठेवा) आणि आडवी बाटली (दुकान बंद करा) अशी दोन चित्रे असतात. आडव्या बाटलीला एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मिळावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्म्याने भागत नाही. त्यामुळे जी बाई त्या दिवशी केंद्रावर आलीच नाही, तिचे मत दुकानदाराच्या पारड्यात पडल्यासारखे असते, आणि जी मरण पावली पण यादीतून उतरली नाही, तिचेही.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी हातात घ्यावी. मृत आणि कायमचे गाव सोडून गेलेले यांची नावे कमी करण्यासाठी मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे नमुना ७ रीतसर भरून द्यावा, आणि तो केवळ खऱ्या नावांसाठीच भरावा. विरोधकाचे नाव उडवण्यासाठी भरलेला एक खोटा अर्ज सगळी मोहीम बुडवू शकतो. सह्यांच्या कागदावर यादीतील अनुक्रमांक आधी लिहावा, मग नाव, मग सही. पुष्कळ बायांचे यादीत एक नाव असते आणि आधार कार्डावर माहेरचे दुसरेच, आणि पडताळणीत नेमक्या याच सह्या बाद होतात. त्यामुळे नाव यादीत जसे आहे तसेच लिहून घ्यावे आणि अंगठा असल्यास शेजारी साक्षीदाराची सही घ्यावी. मतदानाची तारीख कापूस वेचणीच्या दिवसांत येणार असेल, तर ती बदलून मागावी, कारण वेचणीची मजुरी सोडून बाया गावात थांबतील, ही अपेक्षा करणे योग्य नाही.

इथे पक्षाचा उपयोग होतो. कोण वीटभट्टीवर गेले, कोण पुण्याला राहते, कोणाला गाडी पाठवली तर येईल, हे बूथप्रमुखाला तोंडपाठ असते. त्याच्याकडून ही मदत अवश्य घ्यावी, मात्र दोन प्रतिस्पर्धी पक्षांच्या बूथप्रमुखांकडून सारखीच घ्यावी. तालुक्याच्या नेत्याकडून मात्र आधी एवढेच विचारून घ्यावे की परवाना कोणाच्या नावावर आहे. उत्तर ऐकून काही वेळा पुढचे बोलणे लगेच संपते, आणि ते संपलेले बरे. शिवाय बौद्ध वस्तीतल्या आणि कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) बायांना सप्ताहाच्या मंडपात बोलावले नाही आणि सह्यांसाठी तेवढे त्यांच्या दारात गेलो, तर निम्म्याचा आकडा गाठता येणार नाही. एकाच जातीचे किंवा एकाच मोहल्ल्याचे मंडळ पक्षाला गावाचा आवाज वाटत नाही. ती त्याच्या वहीतली ठरावीक मते असतात आणि त्यांची किंमतही ठरलेली असते.

पक्षाने मागणी मान्य केली म्हणजे ती पूर्ण झाली, असे मानू नये. गोवंश हत्याबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९९५ साली संमत केले, आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५ साली. मधल्या वीस वर्षांत केंद्रात त्या मागणीच्या बाजूचे सरकारही येऊन गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदीचे उलट झाले: बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढल्यावर एका सरकारने २०१५ मध्ये ती लागू केली आणि दुसऱ्या सरकारने २०२१ मध्ये उठवली. यावरून व्यवहाराची गोष्ट एवढीच घ्यायची की कागद सध्या कोणाच्या टेबलावर आहे, हे मंडळातल्या एका माणसाला नेहमी माहीत असले पाहिजे, आणि तो माणूस पक्षाचा नसावा. गोवंशाच्या बाबतीत आणखी एक बाब येते, ती म्हणजे म्हातारा बैल विकता न येणाऱ्या कास्तकाराचे काय करायचे. याचे उत्तर चाऱ्याच्या आणि गोरक्षणातील जागेच्या रूपाने मंडळाकडे नसेल, तर पुढाऱ्याकडे भाषण मागण्याआधी ते तयार करावे. रात्री रस्त्यावर गाड्या अडवण्याचा अधिकार मंडळाला नाही; संशय आल्यास ठाण्यात कळवावे आणि कळवल्याची पोच घ्यावी.

मंडळाचे वजन दिसू लागले की पक्ष स्वतःहून येतो, आणि बहुधा तीन वस्तू घेऊन येतो: नियुक्तीपत्र, फ्लेक्स आणि सभामंडप. नियुक्तीपत्र सर्वांत स्वस्त असते. सहसंयोजकाची पदे कितीही निर्माण करता येतात. फ्लेक्सचे नुकसान लगेच दिसत नाही, पण पोळ्याच्या तोरणावर आंब्याच्या पानांच्या वर उमेदवाराचा चेहरा लागला की झडत्या (पोळ्याची थट्टेची कवने) म्हणणारा माणूस गप्प होतो, आणि ज्या दिवशी गावाला पाटलापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची थट्टा करण्याची मुभा असते, तो दिवस एका पक्षाचा होऊन जातो. तोरणावर आणि मंदिरावर कोणाचाही फ्लेक्स लागणार नाही, असा ठराव सणाच्या बराच आधी करावा. सभामंडप मात्र नाकारू नये. आमदार निधी हा जनतेचा पैसा आहे, त्यातून झालेल्या बांधकामावर नियमाप्रमाणे पाटी लागते, आणि त्या पाटीपलीकडे मंडळ कोणाचे देणे लागत नाही, हे उद्घाटनाच्या भाषणात नम्रपणे सांगितले तरी चालते.

सभासदांच्या नावांची आणि फोन क्रमांकांची यादी मात्र कोणत्याही पक्षाला देऊ नये. पक्षाला निरोप द्यायचा असेल, तर तो मंडळाच्या माणसाने मंडळाच्या नावाने द्यावा.

निवडणुकीच्या काळात कायदा नीट सांभाळावा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मते मागणे हे निवडणुकीतील भ्रष्ट आचरण ठरते, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने त्यात मतदाराचा धर्मही येतो, असा निर्णय दिला. धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगाविरुद्धच्या १९८८ च्या कायद्यानुसार मंदिराची जागा किंवा निधी राजकीय कामासाठी वापरता येत नाही. म्हणून काकड्यानंतर उमेदवाराचे चार शब्द ठेवण्याची पद्धत सुरू असेल, तर ती बंद करावी. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हाही गुन्हा आहे, त्यामुळे उत्साहात स्वतःच्या पैशाने पत्रके छापू नयेत. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विधानसभेचे मतदान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झाले. ते दिवस सोयाबीन काढण्याचे आणि कापसाचे असतात, तेव्हा बैठका घेण्याचे नियोजन उन्हाळ्यातच करावे.

अमेरिकेत २००९ नंतर उभ्या राहिलेल्या टी पार्टी चळवळीने रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार निवडीच्या मतदानातच आपली माणसे उतरवली, आणि २०१४ साली अमेरिकी प्रतिनिधी सभागृहातील त्या पक्षाचे बहुमत नेते एरिक कँटर व्हर्जिनियात स्वतःच्याच मतदारसंघात उमेदवारी गमावून बसले. २०१० मध्ये डेलावेअर राज्यात मात्र तिचा पसंतीचा उमेदवार पक्षांतर्गत जिंकून पुढे मुख्य निवडणुकीत हरला. आपल्याकडे तिकीट मुंबई-दिल्लीत ठरते आणि सभासदांचे मत कोणी घेत नाही, म्हणून हा मार्ग इथे बंद आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तिथे मंडळाशी सहमत असलेल्यांनी स्वतःचे पॅनल उभे करावे. पंचायत समितीचा गण (मतदारसंघ) हे दुसरे ठिकाण आहे, कारण तिथे चिन्ह असते आणि थोडक्या मतांनी निकाल लागतो, त्यामुळे पक्षाला तिकीट देण्याआधी गावात विचारावे लागते.

उमेदवाराला मागणीचे पत्र आचारसंहिता लागण्यापूर्वी द्यावे, त्यावर त्याची सही घ्यावी, आणि सही देणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराचे नाव ग्रामसभेत वाचून दाखवावे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते आणि तिची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते, अशी आहे; तेवढी माणसे आणणे मंडळाला जड नाही. ठराव ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) वहीत कसा लिहिला, हे सही करण्यापूर्वी वाचून घ्यावे आणि नक्कल मागावी. निवडून आलेल्याने शब्द पाळला नाही, तर रागाच्या भरात सगळे मंडळ दुसऱ्या पक्षात नेऊ नये. सही केलेले पत्र पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मांडावे, त्याला लेखी खुलासा मागावा, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षाचा उमेदवार आला, तर त्याच्यासमोरही मागणी न वाढवता तोच मजकूर ठेवून, आधीच्या उमेदवाराच्या सहीची प्रत त्याला दाखवावी.